शर्यतीपूर्वीचे तीन आठवडे : रत्नागिरीतील एक प्रशिक्षणवर्ग

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरसाठी रत्नागिरीतील ज्या प्रशिक्षणवर्गात मी नाव नोंदवले, त्याची खरी गुणवत्ता शेवटच्या तीन आठवड्यांत दिसली. येथे रविवारची लांब धाव ३२ किलोमीटरवरून आधी २२ आणि मग १३ वर आणली गेली, परंतु शर्यतीच्या वेगाने धावायचे छोटे टप्पे अखेरपर्यंत कायम ठेवले. कारण अंतर घटवल्याने स्नायूंचा शीण उतरतो व ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या साखरेचा, साठा भरून निघतो, मात्र वेगाचा सराव सुटला की पायांची लय बिघडते. भाट्ये किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर होणाऱ्या या सरावात प्रशिक्षक स्वतः हजर असत आणि कोणी उत्साहाच्या भरात एखादी फेरी वाढवू लागला की त्याला हाताला धरून थांबवत. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. शुल्कही वाजवी आहे. आहाराचे मार्गदर्शन मात्र तोकडे पडते : शेवटच्या दिवसांत भात आणि रताळी वाढवा एवढेच सांगितले जाते, किती ते नाही. शिवाय शर्यतीच्या मार्गातील पेडर रोडच्या चढाचा विचार करता सपाट किनाऱ्याच्या जोडीला रत्नदुर्ग किल्ल्याच्या चढणीवरही काही छोट्या धावा ठेवायला हव्यात.