रास्पबेरी पाय ५ या छोट्या, एका बोर्डच्या संगणकावर त्याचा कॅमेरा मॉड्यूल ३: मोसंबीच्या बागेसाठी घ्यावा का?
घ्यावा. ११.९ मेगापिक्सेल, १० सेंमीपासून पुढे ऑटोफोकस. पानावरची कीड स्वच्छ दिसते. घोळ होतो तो केबलचा. सोबतची १५ पिनची केबल पाय ५ ला बसतच नाही, २२ ते १५ पिनची वेगळी घ्या. बोर्ड बंद करूनच जोडा. कॅमेऱ्याच्या टोकाला केबलचे चकाकते पट्टे सर्किटकडे हवेत. 'आरपीआयकॅम-हॅलो' (कॅमेरा तपासायची आज्ञा) च्या यादीत कॅमेरा नसेल तर सेटिंग बदलत बसू नका, आधी केबल काढून सरळ बसवा आणि क्लिप दाबा.

वाऱ्याने फांदी हलली की फोकस भरकटतो. फोकसचा मोड मॅन्युअल करा; २ मीटर अंतरासाठी लेन्स-पोझिशन ही सेटिंग ०.५ (१ भागिले मीटरमधले अंतर).

कॅमेऱ्याची तापमानाची मर्यादा ५० अंश सेल्सिअसची. जालन्याच्या मे महिन्यात कॅमेरा ठेवलेला उन्हातला बंद डबा ती सहज ओलांडतो, सावली हवीच.