नव्या बॉससोबत जेवण आणि तुमचं पथ्य: कुणाला, कधी सांगायचं?

नव्या बॉसनं जेवायला बोलावलंय आणि तुमचं पथ्य आहे. मार्ग चार: बॉसला आधी कळवणं, हॉटेलशी परस्पर बोलणं, तिथे गेल्यावर वेटरला सांगणं, किंवा आधीच खाऊन जाणं. निवड भिडेवर सोडू नका. नको तो पदार्थ चुकून पोटात गेला तर काय होईल, यावरून ठरवा.

बॉसला आधी कळवणं

जागा अजून ठरायची असेल किंवा सगळ्यांची ऑर्डर एकत्र जाणार असेल, तर हे करायलाच हवं. निमंत्रण आलं त्याच दिवशी लेखी कळवा: "धन्यवाद, नक्की येईन. मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. जागा ठरली की कळवा, हॉटेलशी मीच बोलून घेईन." शेवटचं वाक्य गाळू नका, त्यामुळे बॉसवर काम पडत नाही. आजाराचा इतिहास किंवा श्रद्धेची कारणं सांगायची गरज नाही. मात्र एवढ्यावर विसंबू नका. निरोप दोन-तीन तोंडांतून जाताना "ॲलर्जी आहे"चं "आवडत नाही" होतं आणि आचारी वरचे दाणे तेवढे काढून तेच ताट पाठवतो.

हॉटेलशी परस्पर बोलणं

आमच्या मते सगळ्यांत भरवशाचा मार्ग हाच. आदल्या दिवशी दुपारची गर्दी ओसरल्यावर फोन करा आणि मुख्य आचारी किंवा मॅनेजरशीच बोला. गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन टाळायचं असेल आणि "ग्लुटेन फ्री मिळेल ना?" असं विचारलं तर "हो" म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा पदार्थ कसा बनतो ते विचारा. तळणाचं तेल वेगळं असतं का? सूप कशानं दाट करता? सोया सॉस कुठे कुठे पडतो? नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. ग्लुटेन फ्री म्हणवण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे, त्यामुळे सीलिॲक (ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांना ब्रेड तळलेल्या तेलातले बटाटेही चालत नाहीत. शाकाहारींनी सूपचा स्टॉक कशाचा आहे ते विचारावं. वूस्टरशर सॉसमध्ये बहुधा अँचोव्ही मासे असतात आणि अस्सल पार्मेझान चीज वासराच्या रेनेटनं (पोटातल्या, दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानं) बनतं.

ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांचं नाव टिपून ठेवा आणि पोहोचल्यावर तेच नाव सांगा. स्वयंपाकघरातली पाळी बदललेली असू शकते.

वेटरला सांगणं

थोडंफार पोटात गेल्यानं बिघडत नसेल, तर एवढं पुरतं. लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नसलेल्या बऱ्याच जणांना एका वेळी सुमारे 12 ग्रॅम, म्हणजे कपभर दुधातलं लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं. लॅक्टेजची (लॅक्टोज पचवणारी) गोळी घेत असाल तर पहिल्या घासाबरोबर घ्या. दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. तिथे शरीर दुधातल्या प्रथिनांवर उलटतं, ही गोळी काहीच करत नाही आणि नुसतं वेटरला सांगण्यावर भागवणं धोक्याचं आहे. दहा मिनिटं आधी पोहोचून बाजूलाच बोलून घेतलंत, तर टेबलावर चर्चा होत नाही.

आधीच खाऊन जाणं

जागेची खात्री नसेल तर सीलिॲक असलेल्यांना हा चांगला आधार आहे. पोट भरलेलं असलं की काळी कॉफी घेऊन निवांत बोलता येतं. मधुमेहात जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र वेळा आणि डोस डॉक्टरांना विचारून ठरवावेत. डोस घेतला आणि ताट यायला उशीर झाला, तर साखर झपाट्यानं खाली येते.

तीव्र ॲलर्जी असेल तर यातला एकच मार्ग पुरत नाही. बॉसला ओळभर, हॉटेलला सविस्तर आणि पोहोचल्यावर पुन्हा एकदा, असं तिन्ही करा. लक्षणं बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत दिसतात. ॲड्रिनलिनचं पेन (तीव्र ॲलर्जीत तातडीनं टोचायचं इंजेक्शन) गाडीत किंवा टांगलेल्या कोटात नको, हाताशी हवं, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं हे सोबतच्या एकाला तरी माहीत हवं. घसा आवळल्यासारखा वाटला तर संकोचून एकटे बाथरूममध्ये जाऊ नका, जागच्या जागी सांगा.

ताटं सामायिक असतील तर चमचे इकडचे तिकडे होतात, म्हणून तुमची प्लेट वेगळी मागवा. "एक घास घेऊन तर बघा" असा आग्रह झाला तर "नको, मला त्रास होतो, तुम्ही घ्या" एवढंच म्हणा आणि लगेच कामाचं काहीतरी विचारा.