देवघरातली सरस्वती आणि बडोद्यातली सरस्वती

आमच्या आजीकडे देवघरात राजा रविवर्म्यांच्या सरस्वतीचा प्रिंट होता, लहानपणापासून इतका बघितलेला की नंतर नंतर तो दिसायचाच बंद झाला, हात मात्र आपोआप जोडले जायचे. मग बडोद्याला राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग म्युझियममध्ये ओरिजिनल बघितलं आणि खरं सांगते, पाय हललेच नाहीत. प्रिंटमध्ये साडी म्हणजे सपाट पांढरा रंग, इथे तैलरंगाचे थर आहेत, त्यामुळे आपण जरा बाजूला सरकलो की पदरावरचा उजेडपण सरकतो, मग पुढे जा, मागे ये, परत पुढे, असं किती वेळ चाललं होतं कळलंच नाही.

प्रिंटला कमी लेखायचं नाहीये हां. 1894 मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा प्रेस निघाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, एकेका रंगासाठी वेगळ्या दगडावर चित्र काढून त्यावरून छापायचे, म्हणूनच तर ज्यांना राजवाड्यात कधी पाऊल ठेवता आलं नसतं त्यांच्याही घरी देवी आली. रोजच्या सोबतीला प्रिंटच.

पण बघायचंय ना, तर बडोद्यालाच जा. मला तिथे नमस्कार करायचं सुचलंच नाही, मी नुसती तिच्या बोटांकडे बघत होते.