ट्रॅव्हलर कॅम्परचा पहिला उन्हाळा आणि मागचा नळ

ट्रॅव्हलरचं इंजिन, मायलेज, आतली उंची यावर भरपूर लिहून झालंय, ते परत उगाळत नाही. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन ती कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करून घेतली. संक्रांतीनंतर गाडी हातात आली आणि पाऊस लागेपर्यंत जमेल तेव्हा कोल्हापुरातून कोकणात उतरत राहिलो. कधी आंबा घाटानं रत्नागिरी, पावस, पूर्णगड करत सागरी महामार्गानं खाली, कधी राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाटानं थेट देवगड. आता लिहायला बसलोय ते एका नळासाठी. मागच्या दाराशेजारी बंपरच्या वर पाय धुवायला दिलेला नळ. स्प्रिंगसारखा पाइप, टोकाला बटणाचा हँडशॉवर.

गाडी करून घेताना या नळाचे वेगळे पैसे मागितले तेव्हा मी सरळ नको म्हणालो होतो. बायको म्हणाली, "अहो, बाकी काहीही काढा, नळ राहू दे." राहिला, आणि आता ही गाडी कुणी दाखवायला सांगितली तर मी आधी मागं नेऊन नळ दाखवतो.

कारण वाळू. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर अंग दिवसभर घामानं चिकट असतं, वाळू झटकून पडतच नाही. पोरांच्या पोटऱ्यांना, चपलांच्या पट्ट्यांत, टॉवेलच्या किनारीत बसून ती गाडीत येते, तिथून गादीच्या शिवणीत शिरते आणि रात्री पाठीखाली करकरते. लॉजवर राहणाऱ्याला हे कळत नाही, कारण तिथली वाळू सकाळी दुसरं कुणीतरी झाडतं. इथं तीन पावलांवर स्वयंपाक आणि चार पावलांवर अंथरूण. आमचा नियम साधा आहे: पाय धुतल्याशिवाय पायरी चढायची नाही. आईसुद्धा साडी घोट्यापर्यंत उचलून नळाखाली पाय धरते आणि मगच वर येते.

शिवाय पाणी मोजून वापरलं जातं. तांब्यानं पाय धुतले की माणशी चार-पाच लिटर कुठं गेले कळत नाही. इथं बटण सोडलं की पाणी बंद, दीड-दोन लिटरमध्ये माणूस स्वच्छ. टाकी सत्तर लिटरची. घरून काळम्मावाडी धरणाचं पाणी काठोकाठ भरून निघायचं आणि ते पुरवून वापरायचं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जांभ्या दगडातून तो झिरपून निघून जातो आणि मे महिन्यात कित्येक वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. तिथं विहिरीवर जाऊन पाय धुवायला सत्तर लिटर मागणं मला पटत नाही. प्यायला मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, उलट कोकम सरबत हातात देतात. म्हणूनच आपण जपून वागायचं.

आता बिघाड. कुणकेश्वरला संध्याकाळी सगळी पाण्यातून आली, नळ दाबला, तर आतून नुसतं टक-टक-टक. पाण्याचा थेंब नाही. या नळाला पाणी देणारे पंप बारा व्होल्टवर चालणारे डायफ्रॅम पंप असतात, आतला लवचिक पडदा हलवून पाणी ढकलणारे. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो, प्रेशर स्विच पंप चालू करतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि स्विच पंप बंद करतो. तोच स्विच धरत नव्हता, धरला की सुटायचा. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. कनेक्टरवर हिरवी भुकटी साठली होती, मेहंदीची पुडी फुटल्यासारखी. तांब्याची तार खारानं खाल्ली की असा हिरवा गंज धरतो.

मुद्दा असा की पंप बसवलाय बरोबर नळाच्या खाली, चेसिसला, उघड्यावर. म्हणजे पायांवरून, खुर्च्यांवरून, पोरांच्या बादल्यांवरून धुतलेलं सगळं खारं पाणी थेट पंपाच्या वायरिंगवर. नळ देणाऱ्या माणसानं त्या नळाखाली उभं राहून एकदा तरी पाय धुतले असते तर पंप तिथं बसवला नसता.

गाडी करून देणाऱ्याला फोन लावला. "सर, सॉल्ट डॅमेज वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, "अहो, कोटेशनमध्ये तुम्हीच बीच पॅकेज म्हणून याचे पैसे लावलेत. बीचवर मीठच असणार ना?" मग टीमशी बोलतो, मग फोटो पाठवा, मग व्हिडिओ पाठवा. दोन दिवसांनी उत्तर आलं: नवा पंप ४,८०० रुपये, गाडी त्यांच्याकडे आणून सोडायची. मला राग पैशाचा आलाच, पण त्याहून जास्त या गोष्टीचा की जागा चुकली आहे हे कुणी कबूलच करेना. त्याच जागी नवा पंप घातला तर तो पण पुढच्या उन्हाळ्यात जाणार.

काम झालं ते देवगड बंदरात. ट्रॉलरची वायरिंग करणाऱ्या एका माणसाला गाठलं. त्यानं तार बोटानं चोळली, काळी पडलेली बघितली आणि म्हणाला, "ही वायर होडयेर आठ दिस टिकाची नाय." होडीवर कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात, साधं उघडं तांबं नाही. त्यानं तीच घातली, जोडावर उष्णतेनं आवळणारी नळी चढवली, आत ग्रीस भरलं, स्विचचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासून दिले. पंप चालू. नवा पंप लागलाच नाही. पैसे इतके कमी मागितले की मी वर दिले तेव्हा त्यानं दोन रायवळ आंबे पोरांच्या हातात ठेवले.

कोल्हापुरात परतल्यावर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये जाऊन पंप आत, कपाटाखाली हलवला आणि नळाच्या ब्रॅकेटला स्टीलचा डबा करून घेतला. मी ३०४ ग्रेडचं स्टील म्हणत होतो. डबा करणारे मामा म्हणाले, "दर्याला ३१६ च घे. एकदाच काय पैसं जायाचं ते जाऊंदेत." ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते तग धरतं; ३०४ वर थोड्या दिवसांत तांबूस डाग चढायला लागतात. त्यानंतर मेभर नळानं एकदाही दगा दिला नाही. ज्या शहरात पाहिजे तो सुटा भाग लेथवर करून मिळतो तिथं राहून मी गाडी बाहेरच्याकडे का सोडू?

बाकी गोष्टींबद्दल मत बदलत गेलं ते सांगतो. सुरुवातीला मला बाजूचं छत, ती गुंडाळणारी ताडपत्री, फार आवडली होती. फेब्रुवारीत सावलीत बसून चहा, छान. एप्रिलपासून दुपारी खारे वारे असे सुटतात की ती फडफडायला लागते आणि कुणीतरी खांब धरून बसावं लागतं. आता ती सकाळीच उघडतो, अकराच्या आत गुंडाळतो. उलट छतावरच्या पंख्याला मी किरकोळ समजत होतो, पण रात्रीची झोप त्याच्यावरच आहे. आपला सरकता दरवाजा डावीकडे असतो, त्यामुळे दुपारी गाडीचं तोंड उत्तरेला केलं की दरवाजा समुद्राकडे येतो आणि वारा आत घुसतो. रात्री मतलई वारे जमिनीकडून येतात, पण उन्हाळ्यात ते मंद असतात, आणि वारा फिरण्याच्या मधल्या वेळात पान हलत नाही. तेव्हा पंखाच. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे, पंखा दोन-तीन अँपिअर घेतो, फ्रिजसकट रात्र आरामात निघते.

सोलरची मात्र एक अडचण कुणी आधी सांगत नाही. पॅनेलला ऊन पाहिजे, माणसांना सावली. किनाऱ्यावर सावली म्हणजे माड. तोंडवळीला एका आजींनी लांबूनच ओरडून सांगितलं, "माडाखाली नको हां, नारळ पडतलो!" नारळ काय, वाळकी झावळ पडली तरी पॅनेल फुटेल. तेव्हा गाडी उन्हात, आम्ही सावलीत.

गाडी वाळूवर घालायचीच नाही. मागची चाकं ओढणारी, वजनदार गाडी, रुतली की ट्रॅक्टर शोधा. आणि नोव्हेंबर ते मे कासवांचा हंगाम असतो, त्यांच्या घरट्यांवरून चाकं नेणं बरोबर नाही. डांबर किंवा कातळ बघून थांबायचं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण जास्त, एवढं ध्यानात ठेवलं की पुरतं.

चालायचं म्हणाल तर उन्हाळ्यात पहाटेच, आणि गाडीचा खरा फायदा इथं आहे. कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचा, कातळात कोरलेला हत्ती आम्ही उजाडता उजाडता बघितला. जवळजवळ अठरा मीटर लांब, त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी. उन्हं तिरपी असताना रेषांत सावली भरते आणि आकार उठून दिसतात. डोक्यावर ऊन आलं की सगळा कातळ एकसारखा दिसतो आणि चपलेतून पाय भाजतो. ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मी म्हणतो, यादी राहू दे, सकाळी सातच्या आत जाऊन बघा. तिथून देवघळीचा किनारा जवळच. आम्ही रात्री शेजारच्या वाडीत विचारून मुक्काम केला होता, म्हणून हे जमलं. कोल्हापुरातून पहाटे निघालात तर पोचेपर्यंत सडा तापलेला असतो.

निवतीच्या किल्ल्याची चढण छोटी आहे, आईपण आली. वरून भोगव्याचा किनारा दिसतो, लांब समुद्रात खडक दिसतात. खाली उतरलो तेव्हा सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत तांबडे. परत तोच नळ. साबण मात्र किनाऱ्यावर अजिबात नाही, नुसतं पाणी.

घेण्याचा विचार असेल तर माझं म्हणणं: छत नंतर लावता येतं, टीव्ही लागत नाही, ओव्हनवर पैसे घालवू नका. मागचा नळ घ्याच, पण पंप आत बसवून घ्या, तार कथिलाच्या मुलाम्याची मागा आणि हे दोन्ही कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी "होऊन जाईल सर" चालणार नाही.

देवगडची मजुरी आणि ३१६ च्या डब्याचं बिल जोडून गाडी करणाऱ्याला लेखी पत्र पाठवलंय, पैसे परत मागितलेत आणि पुढच्या गाड्यांत पंपाची जागा बदला असंही लिहिलंय. अजून उत्तर नाही. गणपतीपर्यंत वाट बघेन, मग ग्राहक आयोगात अर्ज करणार आहे.