एडीएक्स घ्यावा की अरून? वावरातून येऊन चार्ट उघडणाऱ्यासाठी

भाव चढतोय हे कोणालाही दिसतं. त्या तेजीत दम किती, हे जोखायला चार्टवर दोन निर्देशक (भावावरून काढलेले आकडे) वापरतात: एडीएक्स आणि अरून. त्यातला बरा कोणता, एवढाच इथे प्रश्न आहे.

एडीएक्स वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. आरएसआय हा दुसरा प्रसिद्ध निर्देशकही त्यांचाच, पण त्याचं काम वेगळं. एडीएक्स २० च्या खाली असेल तर बाजार घुटमळतोय आणि २५ च्या वर गेला की कल पक्का, असं साधारण धरतात. मात्र तो दिशा सांगत नाही. भाव कोसळतानाही एडीएक्स चढतो, आणि नवखा माणूस तेवढं पाहून खरेदी करून बसतो. म्हणून सोबतच्या प्लस डीआय (चढाचा जोर) आणि मायनस डीआय (उताराचा जोर) या रेषा बघितल्याशिवाय सौदा करू नये. शिवाय सरासरीचीच पुन्हा सरासरी काढून तो बनतो, त्यामुळे उशिरा बोलतो.

तुषार चांदे यांचा अरून १९९५ चा. भाव किती वाढला याच्याशी त्याला देणंघेणं नाही, उच्चांक किंवा नीचांक किती दिवसांपूर्वी लागला एवढंच तो मोजतो. २५ दिवसांतला उच्चांक आज लागला तर १००, पाच दिवसांपूर्वी लागला तर ८०. नीचांकाची रेषा वेगळी असल्याने दिशाही कळते. खोट अशी की रोज चार आण्यांनी सरकणारा शेअरही शंभर दाखवतो.

शेअर घेणार असाल आणि संध्याकाळी एकदाच दिवसाचा चार्ट बघणार असाल, तर माझं मत एडीएक्सला. पाच मिनिटांच्या चार्टच्या नादी लागूच नका. ऐन सौद्यात गावातली लाइन जाते.

सोयाबीन कधी विकावं, हे बघायचं असेल तर मात्र गणित उलटतं. त्याचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि बंदी पुढे वाढवत नेली. कास्तकाराच्या हाती उरतात बाजार समितीचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. त्यातला किमान-कमाल फरक बराचसा ओलावा आणि प्रतीचा असतो, दिवसभरातल्या चढउताराचा नव्हे. एडीएक्सला दिवसाचा खरा उच्चांक-नीचांक लागतो, म्हणून त्यावर तो काढणं व्यर्थ. अरून मात्र सर्वसाधारण दरावर वहीतही मांडता येतो. दोन्ही रेषा पन्नासच्या खाली असतील तर दराला कलच नाही असं समजा. मोजताना लिलाव बंद असलेले दिवस तेवढे वगळा.