गेम पास : वर्गणीच्या खेळांचा जमाखर्च

मायक्रोसॉफ्टने जून २०१७ मध्ये एक्सबॉक्स गेम पास ही व्हिडिओ खेळांची वर्गणी सेवा सुरू केली, तेव्हा महिन्याला ९.९९ डॉलर भरून शंभरेक जुने खेळ हवे तितके खेळावेत, इतकाच साधा मामला होता. मार्च २०१८ मध्ये ‘सी ऑफ थीव्हज’ दुकानात आला त्याच दिवशी वर्गणीदारांनाही मिळाला आणि तेव्हापासून कंपनीने स्वतःचे नवे खेळ पहिल्याच दिवशी यादीत देण्याची पद्धत पाडली. ही सेवा मी काही वर्षे अधूनमधून वापरली आहे. ती चांगली आहे यात शंका नाही, पण ती नेमकी कोणासाठी चांगली आहे, हे ठरवायला मला बराच वेळ लागला.

तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे अनोळखी खेळ उघडून पाहण्याचे धाडस ती देते. ‘हाय-फाय रश’ हा जानेवारी २०२३ मध्ये कोणतीही पूर्वसूचना न देता, घोषणेच्याच दिवशी उपलब्ध झालेला खेळ मी एरवी पूर्ण किंमत मोजून कधीच घेतला नसता, कारण तालावर बटणे दाबण्याच्या प्रकाराशी माझे फारसे जमत नाही. यादीत दिसला म्हणून उतरवून घेतला, आणि पहिल्या दहा मिनिटांतच नायकाची पावले, यंत्रांची उघडझाप, शत्रूंचे वार असे सगळेच एका ठेक्यात चाललेले पाहून हातातला कंट्रोलर खाली ठेववेना. ताल चुकला तरी नायकाचा वार तालावरच पडतो, चुकणाऱ्याला खेळ हाकलून देत नाही. ही सोय ज्याला सुचली, त्याला खेळणाऱ्याची भीती कळलेली होती.

हा खेळ घडवणारा ‘टँगो गेमवर्क्स’ हा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टच्याच मालकीचा होता. खेळाचे भरपूर कौतुक झाले, पुरस्कार मिळाले, आणि तरीही मे २०२४ मध्ये स्टुडिओ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. पुढे ऑगस्टमध्ये ‘क्राफ्टन’ या कोरियन कंपनीने तो पदरात घेतला. या निर्णयाचे खापर एकट्या वर्गणीवर फोडणे योग्य होणार नाही. मात्र किती प्रती विकल्या गेल्या हे जुने माप एकदा मागे पडले, की एखाद्या खेळाने आपला खर्च भरून काढला की नाही हे बाहेरच्या माणसाला कळेनासे होते आणि स्टुडिओलाही आपल्या बाजूने दाखवायला ठोस आकडा उरत नाही.

बाहेरच्या निर्मात्यांचे गणित आणखी वेगळे आहे. त्यांना बहुधा ठरावीक रक्कम मिळते, काही करारांत ती खेळ पूर्ण होण्याआधीच हाती पडते, तर काही ठिकाणी मोबदला खेळल्या गेलेल्या वेळाशी जोडलेला असतो. लहान चमूसाठी आगाऊ रक्कम म्हणजे वर्षभराच्या पगारांची चिंता मिटणे, आणि हे मी कमी लेखणार नाही. पण मग पहिला गिऱ्हाईक खेळाडू राहत नाही, तो यादी भरणारा खरेदीदार होतो, आणि त्याने हात आखडला की दार ठोठावायला दुसरी घरे फारशी नसतात. खेळ गेम पासमध्ये आल्यानंतरच्या बारा महिन्यांत त्याची विक्री घटते, हे मायक्रोसॉफ्टने ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला स्वतःच सांगितले होते आणि ते २०२३ मध्ये उघड झाले. उलट एप्रिल २०२५ मध्ये आलेला ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’ पहिल्या दिवसापासून वर्गणीत असूनही ३३ दिवसांत ३३ लाख प्रती विकून गेला. असा योग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, एवढेच.

सोनीने प्लेस्टेशन प्लस या आपल्या वर्गणी सेवेची २०२२ मध्ये तीन श्रेणींत फेरमांडणी केली, पण स्वतःचे मोठे खेळ पहिल्या दिवशी वर्गणीत द्यायचे टाळले. ग्राहक म्हणून मला ते कंजूषपणाचे वाटले होते. आता त्यामागचा हिशेब पटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पासच्या अल्टिमेट या सर्वांत वरच्या श्रेणीचा मासिक दर १९.९९ वरून एकदम २९.९९ डॉलरवर गेला, तेव्हा स्वस्ताईचा काळ संपला हे उघडच झाले.

खेळणाऱ्याचे नुकसान पैशांपुरते नसते. यादी समोर असली की मी तीन खेळ अर्ध्यावर टाकून चौथा सुरू करतो. विकत घेतलेल्या खेळाचा कंटाळवाणा पहिला तास मी मुकाट्याने सोसतो, वर्गणीच्या खेळाला वीस मिनिटेही देत नाही. सावकाश उलगडणाऱ्या खेळांवर त्यामुळे अन्याय होतो. दुसऱ्या एका सेवेवर तर, शेवटचे दोन टप्पे उरले असताना खेळच यादीतून निघून गेला. त्याची पूर्वसूचना होती, ती माझ्या वाचनात आली नाही. जतन केलेली प्रगती अजून शाबूत आहे, ती उघडायला खेळ तेवढा नाही. (डिजिटल दुकानातून घेतलेला खेळही कायद्याने परवानाच असतो हे मला ठाऊक आहे, पण तो निदान महिनाअखेरीला असा काखा वर करत नाही.)

वर्षाला दोन-तीनच मोठे खेळ खेळणाऱ्याने ते सरळ विकत घ्यावेत. ज्याच्या हाताशी वेळ आहे आणि ज्याला चाखून पाहायची हौस आहे, त्याने हवे ते खेळ जमले की एका महिन्याची वर्गणी भरावी आणि आपोआप होणारे नूतनीकरण त्याच दिवशी बंद करावे. मी तसेच करतो, आणि त्या महिन्यात जो खेळ शेवटपर्यंत नेला जातो, तो नंतर पैसे देऊन घेतो. ‘हाय-फाय रश’ असाच घेतला. टँगो बंद होण्याची बातमी आली, त्या आठवड्यात.