पासवर्ड बदलला, तोही चोराच्या डोळ्यांदेखत

चार पीडीएफ जोडून एकच फाइल करायची होती. रात्र झाली होती आणि सकाळी ती पाठवणं भाग होतं. शोधताना जी साइट आधी सापडली तिने ब्राउझरला एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरमध्ये बसणारी छोटी जोडसोय, जोडायला सांगितलं, आणि ते नीट चालावं म्हणून एक छोटा प्रोग्रॅमही. मी दोन्ही घेतलं. एक्स्टेन्शन जोडताना छोटी चौकट आली होती. तिच्यात लिहिलं होतं की हे एक्स्टेन्शन सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू शकेल आणि बदलू शकेल. ते वाक्य मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. फाइल जोडून मिळाली, त्यामुळे शंकाही आली नाही.

आठवडाभराने काहीही शोधलं की पान क्षणभर लुकलुकायचं, भलताच पत्ता झळकून जायचा आणि वर जाहिरातींची रांग यायची. इंटरनेट संथ असेल म्हणून मी सोडून दिलं. मग एका सकाळी ओळखीच्या बाईंचा फोन आला, "तुमची मेल आली होती ना, अडचण आहे म्हणून? पैसे पोचले का?" मी काहीच पाठवलं नव्हतं. माझ्या मेलवरून, मी लिहिते तसाच मायना लिहून, कित्येक जणांकडे पैसे मागितले गेले होते. त्या बाईंनी विश्वासाने पाठवलेसुद्धा.

मी घाईघाईने पासवर्ड बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तशाच मेली गेल्या. इथेच माझं मोठं नुकसान झालं, म्हणून सविस्तर सांगते. सगळ्या साइट वाचायची परवानगी असलेलं एक्स्टेन्शन तुम्ही चौकटीत टाइप केलेलं अक्षरन् अक्षर वाचू शकतं. मी नवा पासवर्ड त्याच ब्राउझरमध्ये टाइप केला होता. शिवाय आपण एकदा लॉगिन केलं की ब्राउझरजवळ कुकीच्या रूपात एक खूण राहते. ती खूण ज्याच्या हाती लागते, त्याला बऱ्याचदा पासवर्डही लागत नाही आणि मोबाइलवर येणारा कोडही.

शेवटी भाच्याला बोलावलं. ब्राउझरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून त्याने एक्स्टेन्शन्सची यादी उघडली. बाकीच्यांपुढे काढून टाकायचं बटण होतं, याच्यापुढे नव्हतं. मेनूच्या तळाशी लिहिलं होतं, 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित.' तो म्हणाला, "मावशी, हा घरचा कॉम्प्युटर ना? मग ही संस्था कुठली?" ते वाक्य ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसलं तर ठीक, पण घरी दिसलं तर कान टवकारायलाच हवेत. त्या छोट्या प्रोग्रॅमने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग जिथे साठवल्या जातात तिथे, माझ्या क्रोम ब्राउझरसाठी धोरण लिहून ठेवलं होतं, की हे एक्स्टेन्शन सक्तीने बसवा.

भाच्याने आधी डेव्हलपर मोड चालू करून एक्स्टेन्शनचा आयडी कागदावर उतरवला. हा आयडी 32 अक्षरांचा असतो, ए ते पी एवढीच अक्षरं त्यात येतात. मग तो प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला, ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये त्या प्रोग्रॅमने ठेवलेलं काम पुसलं, रजिस्ट्रीत तोच आयडी शोधून नोंद उडवली. रजिस्ट्रीत चुकीचं काही पुसलं तर विंडोज बिघडू शकतं, तेव्हा हे जाणकाराकडूनच करून घ्या. तोवर त्याने माझं सिंकही, म्हणजे खात्यातून सगळ्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर सारखा ठेवणारी सोय, बंद ठेवलं होतं. नाहीतर तेच एक्स्टेन्शन माझ्या खात्यातून दुसऱ्या कॉम्प्युटरवरही जाऊन बसलं असतं.

एवढं झाल्यावर मेलच्या सेटिंगमधून सगळीकडचं लॉगिन बंद केलं, मगच नवा पासवर्ड ठेवला. हाच क्रम मी आधी उलटा केला होता. मेलमध्ये कुणी फॉरवर्डिंगचा पत्ता (आलेली मेल जिथे आपोआप पुढे जाते तो) किंवा फिल्टर (आलेल्या मेलचं काय करायचं याचा नियम) घालून ठेवला नाही ना, हेही तपासा. माझ्याकडे एक फिल्टर सापडला. लोकांनी "ही मेल खरंच तुमची का?" असं विचारलेली उत्तरं तो परस्पर कचऱ्यात टाकत होता.

'एक्स्टेन्शन ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या' असं सगळे सांगतात. माझं एक्स्टेन्शन तिथलंच होतं. आणि चांगलं एक्स्टेन्शनही पुढे मालक बदलून बिघडू शकतं. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारं 'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोमचं एक्स्टेन्शन लाखो लोक विश्वासाने वापरत होते. 2020 मध्ये ते मूळ निर्मात्याच्या हातून गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून ते बंद केलं. म्हणून जुनी यादीही अधूनमधून उघडून पाहा, वापरात नसेल ते काढा. जे ठेवाल त्याला 'क्लिक केल्यावरच' एवढीच साइटची परवानगी द्या. क्रोममध्ये ती सोय एक्स्टेन्शनच्या तपशिलात आहे.

ज्यांना माझ्या नावाने मेल गेली, त्या सगळ्यांना मी एकेक करून फोन केले. त्या बाईंचे पैसे मी फेडते आहे. त्या नको म्हणतात, पण त्यांनी ते माझं नाव वाचून पाठवले होते.